केरबा साळिंदराचा दगडी चेहरा

एका जंगलात, बाळांनो, उन्हाळ्याच्या तोंडावर तीन पत्तीचा मेळा भरायचा. खेळायचं चिंचोक्यांनी. शेवटी ज्याच्यापुढे सगळे चिंचोके गोळा होतील, त्याला झऱ्याकाठची गार गुहा उन्हाळाभर राहायला मिळे.

त्या गुहेवर केरबा साळिंदराचा डोळा होता. त्याचं बीळ उघड्या माळावर. दुपारी आत भाकरी भाजावी इतकं तापायचं. त्यात बायको सुंद्राबाई पोटुशी.

"अहो, पिल्लं काय या भट्टीत जन्माला घालू?" ती म्हणाली.

केरबाने मनावर घेतलं. मनावर घेतलं म्हणजे काय केलं? क्लास लावला.

क्लास कोल्हेसरांचा. फी एक मधाचं पोळं, आगाऊ. सर स्वतः कधी पानं हातात धरत नसत. यात काही वावगं नाही हो. लग्न जमवणारे बरेचसे एकटेच असतात.

"केरबा, डाव पानांवर नाही, चेहऱ्यावर जिंकतात!" सर म्हणाले. "एक्का येवो की दुर्री, चेहरा दगड पाहिजे."

झालं. केरबा तळ्यात तोंड बघून दगड होऊ लागला. पहाटे उठून श्वास रोखू लागला. कंदमुळं सोडली, डोकं जड होतं म्हणे.

"तुमचं तोंड लग्नापासून असंच आहे," सुंद्रा म्हणाली. "त्याच्यासाठी मध कशाला घालवला?"

खरी गोम चेहऱ्यात नव्हतीच. चांगली पानं आली की केरबाच्या पाठीवरचे काटे खर्रकन उभे राहत. भिकार पानं आली की गादीसारखे आडवे.

आमच्या पेठेत असंच एक गिऱ्हाईक यायचं. भाव ऐकला की चेहरा पाटावरवंटा. पण माल आवडला की चपलेतला अंगठा हलायचा. मी त्याच्या तोंडाकडे कधी बघितलंच नाही. अंगठ्याशीच सौदा करायचो.

सरावाला माकड आणि अस्वल येत. त्यांनी काट्यांचं गुपित पहिल्याच डावात ओळखलं. पण बोलतील कशाला?

"वा केरबा!" अस्वल म्हणे. "तुझ्याकडे बघून काही म्हणजे काही कळत नाही गड्या!"

सुंद्राने मात्र सांगितलं. "अहो, काटे! तुमचे काटे बोलतात."

"तू क्लास केलायस का?" केरबाने विचारलं.

मेळा भरला. वडाखाली डाव बसला. केरबाचे काटे उभे राहिले की सगळे पानं टाकून मोकळे. काटे आडवे झाले की सगळे चाल वाढवत सुटले. दुपारपर्यंत केरबापुढचा ढीग मूठभर उरला. चेहरा मात्र सरांनी शिकवला तसा.

सुंद्राला ती गुहा डोळ्यांपुढून सरकताना दिसली. तिने इकडेतिकडे पाहिलं. पंच म्हणून बसलेले वाघोबा उन्हात घामाघूम झाले होते.

"वाघोबादादा, तिकडे कशाला तापताय?" ती म्हणाली. "आमच्या ह्यांच्या मागे या की. चांगली सावली आहे."

वाघोबा आले. केरबाच्या पाठीशी टेकले आणि एक लांबलचक जांभई दिली.

मेळ्याच्या दिवशी शिकार बंद, असा नियम होता. केरबाला तो ठाऊक होता. त्याच्या काट्यांना नव्हता.

काटे ताडकन उभे राहिले, ते खाली येईनात! केरबाचा चेहरा तर आता खरोखरच दगड झाला. पापणीसुद्धा हलेना.

"बापरे, पानं आली वाटतं," म्हणत माकडाने एक्क्यांची जोडी खाली टाकली. पुढच्या डावातही तेच. त्याच्या पुढच्याही. संध्याकाळपर्यंत माकड उठून गेलं. अस्वलापुढे शेवटचा ढीग उरला.

शेवटच्या डावात अस्वलाला तीन राजे आले. शो मागितला असता तर डाव त्याचाच होता. त्याने केरबाकडे पाहिलं. एकेक काटा थरथरत होता.

"तीन राजांच्या वर फक्त तीन एक्के," अस्वल पुटपुटलं. "आणि याचे काटे असे मी जन्मात पाहिले नाहीत." त्याने पानं टाकली. पाठोपाठ त्याचा धीर सुटला, आणि उरलेले चिंचोकेही त्याने केरबापुढे सरकवले.

केरबाची पानं उलटली. दुर्री, तिर्री, पंजी.

आता तुम्ही विचाराल, समोर बसलेला एवढा मोठा वाघ अस्वलाला दिसला नाही? दिसला की. पण दुसऱ्याचं गुपित आपल्याला कळलंय असं वाटलं, की समोरच्या वाघाचासुद्धा हिशोब कुणी धरत नाही.

गुहेत सुंद्राला दोन गुबगुबीत पिल्लं झाली. कोल्हेसरांनी क्लासच्या दारावर पाटी लावली : 'केरबा आमचाच विद्यार्थी'. पुढच्या उन्हाळ्याआधी तिथे उभं राहायला जागा नव्हती. सगळे दगडासारखी तोंडं करून बसले होते.

सुंद्राकडे कुणी गेलं नाही. ती फी घेत नव्हती ना!

तात्पर्य : ज्याच्या पाठीशी वाघ बसला, त्याची पानं कुणी बघत नाही. तरी क्लास जरूर लावावा. कारण जिंकल्यावर 'वाघ होता' असं चारचौघांत सांगता येत नाही.