मधला खांब

मास्तरांच्या कराटेच्या वर्गात दोनच विद्यार्थी उरले होते, आणि त्यांतला एक त्यांचा मेहुणा होता. बाकीचे समोरच्या इमारतीत गेले. तिथे लांब केसांचे एक सर आले होते. ते उंच उड्या मारत, हवेत हात फिरवत आणि त्याला गरुड शैली म्हणत.

“भाऊजी, आपली शैली कोणती?” मेहुण्याने विचारले.

“शैलीबिली काही नसते. एकच ठोसा रोज मारायचा, हाडं झिजेपर्यंत. बस्स.”

“ते खरं हो, पण पाटीवर काय लिहू?”

पाटी कोरीच राहिली. पुढे गरुड सरांना जागा अपुरी पडू लागली, आणि त्यांनी मास्तरांचाच हॉल मागितला. जागामालकाला भांडण नको होते, गंमत हवी होती. “मैदानात लढा,” तो म्हणाला. “जिंकेल त्याचा हॉल.”

“या वयात कशाला मार खायला जाताय?” बायको म्हणाली. “हरलात तर?”

“हरलो तर घरी बसेन.”

“मग जिंकाच. दिवसभर घरात मला नाही झेपायचे तुम्ही.”

मैदानात अख्खी गल्ली लोटली होती. मास्तरांनी मूठ आवळली आणि पुढे झेप घेतली. अर्ध्या वाटेत त्यांचे पाय आपोआप डावीकडे सरकले. तिथे काहीच नव्हते. लोक हसले. मास्तर मागे आले, पुन्हा निघाले, पुन्हा तिथेच सरकले.

मग त्यांच्या लक्षात आले. त्यांच्या हॉलच्या मधोमध एक खांब होता. इतकी वर्षे त्याला चुकवूनच सराव झाला होता. ठोशाबरोबर पायांनी खांबही पाठ केला होता. जन्मभर घाम गाळून जे कमावले, त्यात निम्मा वाटा खांबाचा होता.

‘गेला हॉल,’ मास्तरांनी मनात म्हटले आणि जे व्हायचे ते होऊ दे म्हणून तिसऱ्यांदा निघाले. त्याच वेळी गरुड सरांनी उडी घेतली. मास्तर सरकले. गरुड सर त्यांच्या बाजूने हवेतून गेले आणि थेट जागामालकाच्या खुर्चीवर उतरले. खुर्ची मोडली, सरांचा पाय मुरगळला. जागामालक तेवढा वेळेवर उठला होता. मास्तरांचा ठोसा अजून मुठीतच होता.

“ही कुठली शैली?” जागामालकाने कपडे झटकत विचारले.

“खांब शैली,” मेहुणा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात रांग लागली. मास्तर एकेकाला समजावत होते, “अरे, शैली नाही रे ती. रोज एकच ठोसा—”

“ठोसा राहू द्या, मास्तर. ते सरकणं शिकवा.”

मेहुणा बाहेर पाटी रंगवत होता. मास्तर डोके धरून खांबाला टेकले. हॉल वाचला होता, पण त्यांचे म्हणणे ऐकणारा दुसरा विद्यार्थीही आता सरकायला उभा होता.

रांगेच्या शेवटी गरुड सर लंगडत वर आले. मास्तरांना जरा बरे वाटले. हा माणूस तरी मेहनतीचा आहे, याला कळेल.

सरांनी हात जोडले. “मास्तर, माझ्याकडे गवंडी येऊन बसलाय. एवढंच सांगा, खांब गोल बांधू की चौकोनी?”

मास्तरांनी मागच्या खांबावरून एकदा हात फिरवला.

“चौकोनी,” ते शेवटी म्हणाले. “कोपरा लागला की लवकर येतं.”