अकरा झुडपांचा नमुना

वनस्पतींना स्वतःचं रक्षण करता येत नाही, कारण त्यांना अर्ज भरता येत नाही. ही उणीव ओळखूनच परदेशातल्या एका थोर संस्थेने आंतरराष्ट्रीय अर्जदारांसाठी वनस्पती-संवर्धनाची शिष्यवृत्ती ठेवली आहे.

आमच्या कॉलेजातल्या प्रयोगशाळा सहायक बाईंनी तो अर्ज भरला. दगडखाणीमागच्या कातळावर एका जातीची अकरा झुडपं उरली होती. जगात दुसरीकडे एकही नाही. बाई नऊ वर्षं दर रविवारी जाऊन ती मोजून येत. अर्जाची पानं एकेचाळीस (झुडपांविषयी दीड, उरलेली बाईंविषयी). पदवीवर नावात एक अक्षर कमी पडलं होतं, म्हणून त्या त्याच आहेत असं प्रतिज्ञापत्रही जोडलं.

मुलाखत स्क्रीनवर झाली. अध्यक्ष अत्यंत सौजन्याने म्हणाले, "नमुना फार लहान आहे हो. निष्कर्ष काढायला किमान तीस तरी झुडपं लागतात."

"तीस असती तर मी अर्जच केला नसता, सर."

"मग तसं अर्जात नमूद करायला हवं होतं."

शिष्यवृत्ती मिळाली ती संगणकावर चाळीस हजार काल्पनिक झाडं वाढवणाऱ्या एका विद्वानांना. (त्यांतलं एकही वाळलं नव्हतं, हे मान्य करायलाच हवं.) बाईंनी त्यांना अभिनंदनाचं पत्र पाठवलं आणि न्हाणीघरात नळ मोठा सोडून बराच वेळ बसून राहिल्या.

पुढच्याच महिन्यात खाण कातळाकडे सरकली. सुरुंग लागायच्या आदल्या दिवशी बाई आईला घेऊन तिथे पोचल्या.

"अगं, या काटक्यांपायी नऊ वर्षं उन्हात गेलीस होय?" आई म्हणाली, आणि पदर खोचून स्वतःच खणायला बसली.

चार झुडपं जगली. गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांत.

बाईंनी हे प्रामाणिकपणे संस्थेला कळवलं. तीन दिवसांत उत्तर आलं: आपली वनस्पती आता निसर्गातून नामशेष ठरते. नामशेष वनस्पतींसाठी आमची स्वतंत्र शिष्यवृत्ती असून तिला नमुन्याची अट नाही. आपली निवड झाली आहे. मात्र डब्यांतली चार झुडपं विषयाशी विसंगत असल्याने त्यांची योग्य ती विल्हेवाट लावावी.

"मग, जाणार का?" आईने विचारलं.

"आधी पाणी घालून येते," बाई म्हणाल्या. परदेशी त्या गेल्याच नाहीत.

असली आडमुठी माणसं विज्ञानाच्या उपयोगाची नाहीत, यावर समितीत एकमत झालं. जागा अजून रिकामी आहे. आपण जरूर अर्ज करावा. आपली पात्रता सिद्धच आहे: सगळी हकिकत वाचलीत, आणि त्या झुडपाचं नाव काय, हे एकदाही विचारलं नाहीत.