समुद्रफुलांचा निवाडा

वैशाखात खोल दर्यातून दोन समुद्रफुलं वर आली आणि आम्ही सख्ख्या बहिणी आहोत, तसा निवाडा द्या, असं त्यांनी कोळीवाड्याच्या पंचांना सांगितलं. पंचांनी ऐकून घेतलं. तळाचे तंटे वरच्या वाडीने सोडवायचे, हा जुना रिवाज आहे. मागे खेकड्यांची वाटणी इथेच झाली होती.

समुद्रफूल म्हणजे फूल नव्हे, जीव आहे. खाली तळाला धरून राहणारा देठ, वर पिसांसारख्या हातांचा झुबका, मधोमध तोंड. थोरली आखूड आणि जाड देठाची होती. धाकटी काठीसारखी बारीक, माणसाच्या छातीपर्यंत उंच. थोरली खडपावर, म्हणजे खडकाळ तळावर वाढली, तिथे पाणी सतत धावतं. धाकटी शेजारच्या खळग्यात वाढली, तिथे पाणी हलत नाही. तो खळगा आता गाळाने भरत आला होता. पावसाळ्यात नद्यांना पूर आला की गाळ तिच्या तोंडापर्यंत येणार होता. खडपावर जागा होती. पण तळाच्या जाणत्यांनी देठ बघून दोघींना दोन कुळांत घातलं होतं, आणि खडपावर हक्क फक्त आखूड कुळाचा.

पंचांत मुख्य जोमा नाखवा. माणूस ओळखायची त्याची एकच रीत होती. खांदा बघायचा. दोर ओढून घडलेला खांदा आपला, बाकी परके. पावसाआधी होड्या काठावर ओढतात, तेव्हा प्रत्येक घराची दोरावर जागा ठरलेली असते. जोमाचा भाऊ हरी शहरात खुर्चीवर बसून म्हातारा झाला आणि घरी परतला, तेव्हा जोमाने त्याचा खांदा बघितला आणि दोरावर जागा दिली नाही. तेव्हापासून दोघे एका छपराखाली जेवत होते, पण एकमेकांकडे पाठ करून.

बहिणींना खाऱ्या पाण्याच्या दोन पिंपांत ठेवलं. थोरलीला धावतं पाणी लागे, म्हणून तिच्या पिंपात कोणीतरी सारखं वल्हं फिरवायला हवं होतं. ते काम हरीला लावलं. तो मोकळाच होता.

जोमाने थोरलीला निरखून बघितलं. "हिचा देठ बघा. जन्मभर प्रवाहाच्या तोंडावर उभी आहे. याला खांदा म्हणतात." मग तो धाकटीकडे वळला. "तू हिची भैन कशी गो? तुझ्यात जोर दिसत नाही."

"जोर लागला कुठे, नाखवा?" धाकटी म्हणाली. "माझ्याकडे पाणी चालत येत नाही. तळाशी नुसता गाळ. जे काय खायचं ते वरून जातं. तिथवर उंच व्हावं लागतं. मी झाले."

जोमाला उत्तर आवडलं. पण आवडलं म्हणून निवाडा होत नाही.

पंचांतली सगळ्यांत म्हातारी ठमाबाय सुपारी कातरत म्हणाली, "दोघींना एका पिंपात घाल नि पाणी फिरव. बोलत काय बसलायस?"

"मोडेल ती."

"गाळात मरायचीच आहे," धाकटी म्हणाली. "घाला."

तिला थोरलीच्या पिंपात घातलं. हरीने वल्हं फिरवलं, तशी ती लव्हाळ्यासारखी आडवी झाली. हरीचा हात सैल पडला.

"थांबू नको," जोमा म्हणाला. पुष्कळ दिवसांनी तो भावाशी बोलला होता.

हरीने जोर लावला. धाकटीने उंच उभं राहायचा हट्ट सोडला. लांब देठाचा बराच भाग तिने तळावर पसरला, देठावरच्या बारीक आकड्यांनी तळाचा धोंडा धरला आणि उरलेल्या आखूड देठावर ती उठली. मग तिने हात उघडले. टोकं प्रवाहावर उलटी वाकवली आणि ताणून जाळं केलं. शेजारी थोरली अगदी तशीच उभी होती. वल्ह्यावरचा कचरा दोघींवर आला, तेव्हा दोघींनी तो एकाच झटक्यात झाडला.

जोमाने टोपी काढून हातात घेतली. एवढा मान त्याने आजवर फक्त दर्याला दिला होता.

"एकाच घरच्या," तो म्हणाला. "देठ पाण्याने घडवला. कूळ देठात नाही. खडपावर हिला जागा द्या."

"आणि तो वल्हं फिरवतोय, त्याचं काय रे?" ठमाबायने विचारलं.

"निवाडा समुद्रफुलांचा होता."

होड्या ओढायच्या दिवशी जोमा दोरावर आपल्या जागी उभा राहिला. त्याच्यापुढे एका माणसाची जागा रिकामी होती. मागच्यांनी पुढे सरकायला सांगितलं, तो सरकला नाही.

"कोण यायचाय, नाखवा?"

"घरातला आहे. चपला काढतोय."

हरी आला आणि त्याने दोर धरला. होडी वर आली तोवर त्याचे तळवे सोलवटले होते. जोमाने ते बघितले. "पाणी नवं आहे," एवढंच म्हणाला.

भाद्रपदात एक वाम मासळी निरोप घेऊन आली. धाकटी खडपावर नीट आहे, खाते-पिते, आणि देठ चार बोटं आखूड झाला आहे. जोमाने हरीला जवळ बोलावलं आणि त्याचा खांदा दाबून बघितला.

"अजून नाही," तो म्हणाला, आणि त्याच्या शेजारी पाट ओढून जेवायला बसला.