चावी मारताना बोलायचं नाही

मोकाशी काकांच्या किटलीत चहा नसतो, हे आमच्या सोसायटीत राहायला येणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी कळतंच. थंडीच्या दिवसांत भल्या सकाळी काका स्वेटर, कानटोपी आणि हातात वाफाळती किटली अशा थाटात पार्किंगमध्ये उतरतात. परवा नव्या वॉचमनने बिचाऱ्याने आशेने कप पुढे केला. काका म्हणाले, "हे बॅटरीला आहे. तुमचं नंतर बघू."

मुंबईचे पाहुणे बदलापूरच्या थंडीला हसतात. हसू द्या. एकदा इथे सोनिवलीला मुक्कामाला या आणि पहाटे नळाखाली हात धरा म्हणावं. नदीकडून असला गारठा येतो की अंथरुणातून पाय बाहेर काढवत नाही. काकांची पंधरा वर्षांची पांढरी गाडी तर चक्क नाही म्हणते. म्हणून रात्री तिच्या बॉनेटवर गोधडी घालायची. सकाळी बॅटरीच्या टोकांवर जमलेल्या पांढऱ्या भुकटीवर किटलीतल्या गरम पाण्याची धार धरायची. मग क्षणभर हेडलाइट लावायचे, कारण "तिला जाग येऊ द्या." मग चावी अर्धीच फिरवून पेट्रोलचा पंप कुर्र करतो का ते ऐकायचं. आणि मग क्लच पूर्ण दाबून चावी मारायची.

इथवर सगळं शहाण्या माणसासारखं. पण ही चावी काका स्वतः कधी मारत नाहीत. ते बॉनेट उघडून पुढे उभे राहतात आणि दूध आणायला निघालेला, फिरायला निघालेला, जो सापडेल त्याला आत बसवतात. "हात वर केला की मारा, खाली केला की सोडा." वर एक नियम, तोही दरडावून: "चावी मारताना बोलायचं नाही."

आम्ही तीन वर्षांपूर्वी तळमजल्यावर राहायला आलो आणि काकांना हक्काचं माणूस मिळालं. मी. खिडकीवर टकटक, "शिल्पाताई, जरा येता का?" आता मी काही गप्प बसणारी बाई नव्हे. गॅसवर कुकर असतो, डबे भरायचे असतात, बँकेत वेळेवर पोचायचं असतं. मी आतून ओरडायची, "काका, मारू का? झालं का? काका, माझी भाजी करपली हो!" बॉनेटच्या कडेने नुसता एक हात यायचा, गप्प राहा म्हणून हलायचा आणि नाहीसा व्हायचा. मला वाटायचं, डॉक्टर छातीचे ठोके ऐकतात तसं काका इंजिन ऐकतायत. अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला जन्म गेला त्यांचा, कान तयार असणारच.

गाडी सुरू झाली की थोडा वेळ घुरघुरत ठेवायची आणि बंद करायची. जायचं कुठेच नाही. मुलगा पुण्याहून आला तर तो तिला एखादी चक्कर मारून आणायचा, तेवढंच. आमचे हे म्हणायचे, "काकांना पेट्रोल जाळायचा छंद आहे." काकू, म्हणजे सुमनताई, आम्ही येण्याआधीच गेल्या. अंबरनाथ पूर्वेला शाळेत शिकवायच्या. मला त्या हॉलमधल्या हार घातलेल्या फोटोपुरत्याच ठाऊक.

मागच्या जानेवारीत एका सकाळी खिडकीवर टकटक झाली ती नेहमीची नव्हती. काका इस्त्रीचा शर्ट घालून उभे, चेहरा मात्र उतरलेला. त्या दिवशी गाडी पासिंगला कल्याणच्या आरटीओत न्यायची होती. मुलाने बजावलं होतं, "बाबा, गाडी स्वतःच्या चाकांवर गेली तर ठेवा. नाही गेली तर उल्हासनगरचा भंगारवाला सांगून ठेवलाय, संध्याकाळी टोचन लावून घेऊन जाईल."

मी बसले. हात वर झाला, मी चावी मारली. स्टार्टर जोरात फिरला, इंजिन काही पकडेना. पुन्हा मारली, पुन्हा तेच. बॅटरी ठणठणीत, पंप कुर्र करतोय, पेट्रोल भरपूर. काका बॉनेटमध्ये कमरेपर्यंत वाकले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. शेवटी मी उतरले. ते एक बारीक वायर बोटांत धरून उभे होते, कुरतडलेली. इंजिनाच्या कोपऱ्यात चिंध्यांचं छान मऊ घरटं होतं. चिंध्या गोधडीच्याच.

"उंदीर," काका म्हणाले. "मी गोधडी घातली आणि त्याची सोय झाली." मग ती फाटलेली गोधडी त्यांनी हातावर घडी करून घेतली. "सुमनच्या साड्यांची आहे हो."

मला त्या उंदराचा असा राग आला म्हणता, समोर असता तर लाटण्यानेच हाणला असता. मी घरातून सुरी आणि चिकटपट्टी आणली, बँकेत फोन करून रजा टाकली, कुकर यांच्यावर सोपवला. काकांनी वायर सोलली. बोटं गारठलेली, पीळ बसेना. मी त्यांची बोटं किटलीवर शेकवली. पीळ बसला, पट्टी बसली. पुन्हा आत बसले. हात वर झाला, मी चावी मारली, आणि बाई एकदाची बोलली.

काकांनी बॉनेट लावलं, कागदांची पिशवी घेतली आणि डाव्या बाजूच्या सीटवर येऊन पट्टा लावून समोर बघत बसले.

"काका, चालवणार कोण?"

"तुम्ही. मला कुठे येते?"

दोन वर्षं मी या माणसाला गाडीतला दर्दी समजत होते. माझ्याकडे लायसन्स होतं म्हणून बरं, निघालो. सबंध रस्ता काका मला खड्डे दाखवत होते. गाडी पास झाली, आणखी पाच वर्षांसाठी. काकांनी मला उसाचा रस पाजला, तोही ऐन थंडीत.

परतताना अंबरनाथच्या पुढे मी विचारलंच. "काका, गाडी चालवता येत नाही, ठीक. पण नुसती चावी फिरवायला काय लागतं? रोज आम्हाला कशाला उठवता?"

काकांनी पिशवीचे बंद ओढून घट्ट केले. मग म्हणाले, "सुमन शिकली होती. शाळेत गाडीने जायची. मी म्हटलं, दोघांनी चालवून काय करायचं, एकाने इंजिन बघायला नको? थंडीत रोज सकाळी मी पुढे, ती आत. आणि बॉनेट उघडं असलं ना शिल्पाताई, की आत कोण बसलंय ते दिसत नाही. आपण हात वर करायचा, आतून चावी लागते. तेवढ्यापुरतं वाटतं, तीच आहे."

मग हळूच म्हणाले, "कुणी बोललं नाही तर."

मला पुढचा रस्ता नीट दिसेना. गाडी बाजूला घेतली आणि डोळे पुसले. काकांनी खिडकीबाहेर बघितल्यासारखं केलं.

हल्ली खिडकीवर टकटक व्हायच्या आधीच मी खाली असते. गॅस बंद करून येते. गोधडी काकांनी शिवून घेतलीय, आता रात्री ती घरात असते आणि बॉनेटवर माझी जुनी सतरंजी. काका किटली रिकामी करतात, बॉनेट वर करतात आणि त्याच्या मागे दिसेनासे होतात. मी हेडलाइट लावते, क्लच दाबते आणि तोंड गच्च मिटून बसते. सवय नाही हो मला, फार जड जातं. मग कडेने हात वर होतो आणि मी चावी मारते.