बदलीला सासू

रूपाची नोकरी दर अकरा महिन्यांनी एक दिवस मरायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जन्माला यायची. भिवंडीतल्या एका मोठ्या रुग्णालयात ती कंत्राटी वॉर्डमावशी होती. सलग राबलेला माणूस उद्या 'कायम करा' म्हणतो, म्हणून ठेकेदार भाविकशेठ मध्ये एका दिवसाचा खंड पाडत. त्या दिवसापुरता बदली माणूस मात्र मावशीनेच आणून द्यायचा. यात एक धोका होता. बदली चांगला निघाला तर तोच चिकटतो आणि मूळ मावशी घरी बसते. त्यामुळे सगळ्या मावश्या निवडून निवडून निकामी माणूस आणत. कुणी झोपाळू नणंद आणी, कुणी भांडकुदळ जाऊ. रूपाला लांब शोधावं लागलं नाही. लग्न होऊन कामतघरला आल्यापासून तिने सासूला, काशीबाईंना, साधी कपबशी उचलताना पाहिलं नव्हतं.

खंडाच्या दिवशी काशीबाई कामावर गेल्या. वॉर्डाच्या दारात स्टूल टाकून बसल्या आणि घरी करत तेच इथेही केलं, म्हणजे काहीच नाही. फक्त बोलत राहिल्या. पेशंटभोवती जमलेल्या गोतावळ्याला त्यांनी, बघून झालं ना, मग आता मुक्काम हाय का, एवढंच विचारलं. गोतावळा पांगला. अशक्तपणाने आठवडाभर पडून असलेल्या एका इसमाला, तुझा चेहरा तर करवलीवानी हाय, असं शांतपणे सांगितलं. तो चालत घरी गेला. त्याच्यामागून आणखी काहीजण गेले. मोठे डॉक्टर उशिरा आले, तेव्हा काशीबाईंनी त्यांच्याकडे, घरी सगळं बरं आहे ना, अशी चौकशी केली. दुपारचा राउंड डॉक्टरांनी वेळेआधी घेतला.

संध्याकाळी इन्चार्ज मृणाली सिस्टरने भाविकशेठना फोन करून कळवलं, की उद्यापासून याच येऊ देत.

त्या रात्री रूपा घरखर्चाचा हिशेब मांडत बसली. नवऱ्याचा लूम बंद पडलेला, घर तिच्या एकटीच्या पगारावर. काशीबाई मात्र खुशीत होत्या. सून अर्धा पगार अंबाडीला माहेरी धाडते, असा त्यांचा जुना संशय. आता पुरता पगार आणून आपल्या नवऱ्यालाही दाखवणार, मुलालाही दाखवणार.

दुसऱ्या दिवशी दोघी शेठच्या ऑफिसात गेल्या. काशीबाईंनी पगार विचारला. शेठनी आकडा सांगितला.

"बाकीचा कुठं जातो?"

"काकू, हॉस्पिटल देतं कंपनीला. कंपनी देते एजंटला, एजंट देतो मला. जो तो आपलं कापून घेतो. मग पीएफ, मग युनिफॉर्मचे."

"आनि आमच्या हातात कधी?"

"बिल पास झालं की."

"मागलं कधी पास झालेलं?"

भाविकशेठ कॅलेंडरकडे बघत राहिले. कॅलेंडर गेल्या वर्षीचं होतं.

काशीबाई गप्प झाल्या. ही घटना कामतघरात कुणालाही सांगितली तर आजही खोटी वाटते. मग त्या सुनेकडे वळल्या.

"येवढ्यात घर चालवलंस तू?"

"हो, आई."

"येवढ्यात तर मी तोंड पन उघडीत न्हाय."

पण उघडलं. ऑफिसच्या दारात खुर्ची ओढून त्या बसल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला, पगार वाटाया आलास का, असं विचारू लागल्या. नवं कंत्राट घेऊन आलेले दोघे जिन्यातूनच परतले. शेठचे सासरे सहज आले होते. जावयाने किती बायांचे पगार थकवलेत, हे त्यांना नावानिशी ऐकून घ्यावं लागलं. दिवेलागणीच्या आत सगळ्या मावश्यांचा पगार खात्यात पडला. रूपाला शेठनी हात जोडून सांगितलं, की तू आत्ताच्या आत्ता ड्युटीवर जा, आणि जाताना यांना घरी सोडून जा.

पुढचे अकरा महिने भरले, तेव्हा रूपा आपण होऊन ऑफिसात गेली.

"शेठ, उद्या खंड ना? आई मोकळ्याच हायेत."

शेठनी हजेरीचं रजिस्टर मिटलं.

"यंदा नको खंड. चालू दे सलग."

त्यानंतर दरवर्षी सलगच चालू आहे. आता युनियनवाले म्हणतात, एवढी अखंड सेवा झाली, तर कायम करा असं मागायला हवं. मागायला कोणी जायचं, यावर घरात चर्चा झालीच नाही. काशीबाईंनी ठेवणीतलं लुगडं इस्त्रीला दिलं आहे.