एका पॅकेजची सेवानिवृत्ती

जुन्या गोष्टी टाकून देणं मला कधी जमलेलं नाही. (माझ्या चपला बघितल्यात तर पटेल.) तरी त्या दिवशी मीटिंगमध्ये मी छाती पुढे काढून म्हणालो, "जुन्या पद्धतीची पॅकेजं आता बंदच करून टाकू."

आमची कंपनी लिनक्सची एक सिस्टिम बनवते. तिच्यावर कुठलाही प्रोग्रॅम बसवायचा तर तो आधी पॅकेजमध्ये बांधावा लागतो. बांधायची पद्धत मागेच बदलली, पण जुनी पॅकेजंही उघडावीत म्हणून आम्ही दोन्ही पद्धती सांभाळत होतो. आम्ही म्हणजे मी. बाकीच्यांनी चकचकीत कामं उचलली होती.

"जुनं वापरणारं कोणी असलं तर?" आमच्या टीमच्या प्रमुख मॅडमनी विचारलं.

"कोणी उरलेलं नाही," मी म्हणालो. (विचारलं कोणालाच नव्हतं. पण आवाजात असा ठामपणा असला की लोक पुढचं विचारत नाहीत.)

रविवारी आम्ही दोघं सासुरवाडीला जेवायला गेलो. सासूबाई घरी मशीनवर कपड्यांवर नावं भरून देतात. मशीन चालतं कॉम्प्युटरवर, आणि कॉम्प्युटरवर आमचीच सिस्टिम, जावयाच्या हट्टापायी. पानं वाढेपर्यंत सिस्टिमची अजून बाजारात न आलेली नवी आवृत्ती बसवून टाकावी, असं माझ्या मनात आलं. जुनं सगळं पुसलं, नवं चढवलं आणि हात झटकले.

"जावईबापू, माझा भरतकामाचा प्रोग्रॅम कुठे गेला?" सासूबाईंनी विचारलं.

मी त्याचं पॅकेज पुन्हा बसवायला गेलो, तर पडद्यावर आलं, 'क्षमस्व, ही पद्धत आता स्वीकारली जात नाही.' हे वाक्य मीच लिहिलं होतं. त्यातल्या 'क्षमस्व'चं ऑफिसात कौतुकही झालं होतं.

"काही नाही आई," मी म्हणालो, "ते जुनं होतं, म्हणून आम्ही त्याला निवृत्त केलं."

सासऱ्यांनी पेपर खाली केला. ते नुकतेच पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. घरात तो शब्द सगळे जपून वापरायचे.

"चालत नव्हतं का ते?" त्यांनी विचारलं.

"उत्तम चालत होतं, बाबा."

"मग?"

"सांभाळायला एक माणूस अडकून पडतो. उपयोग काही नाही, नुसती जागा अडवून बसतं."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. सासऱ्यांनी पेपरची घडी घातली आणि ते गॅलरीत जाऊन उभे राहिले. बायको डाव घेऊनच बाहेर आली.

"काय बोललास बाबांना?"

"अगं, पॅकेजबद्दल बोलत होतो."

"त्यांना किती पॅकेज मिळालं, याच्याशी तुला काय करायचंय?"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "संध्याकाळी फायर ब्रिगेडचे साहेब शर्ट न्यायला येणार आहेत. उद्या सकाळी परेड आहे. अर्ध्या शर्टांवर नावं व्हायची आहेत."

मी मॅडमना फोन लावला. "जुनं वापरणारं एक निघालं," मी म्हणालो.

"कोण?"

"सासूबाई."

"घरीसुद्धा विचारलं नव्हतंत?" त्या म्हणाल्या. मग निवृत्ती पुढे ढकलली आणि जुन्या पद्धतीची देखभाल पुन्हा माझ्या गळ्यात पडली.

घरी धावत जाऊन जुनी आवृत्ती असलेला लॅपटॉप आणला. त्यावर पॅकेज उघडायचं आणि नव्या पद्धतीने बांधायचं, एवढंच काम होतं. एवढंच करता करता सगळ्यांची जेवणं उरकली. पहिल्या खेपेला मशीनने नाव उलटं भरलं. सासूबाई ते टाके उसवत बसल्या. माझ्याकडे बघणं त्यांनी कटाक्षाने टाळलं.

सासरे गॅलरीतून येऊन माझ्या मागे उभे राहिले. "आत काही शिल्लक आहे का त्याच्या?"

"सगळं ठणठणीत आहे, बाबा. फक्त बांधणी जुनी होती."

"असं होय," ते म्हणाले. खुर्ची ओढून बसले आणि तयार शर्टांच्या घड्या घालायला लागले. मला जरा हायसं वाटलं.

साहेब दारात आले तेव्हा शेवटचा शर्ट मशीनवरून उतरत होता. सासूबाईंनी ओळख करून दिली, "हे आमचे जावई. कॉम्प्युटरमध्ये असतात."

"काय काम असतं?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सासरे म्हणाले, "चालू असलेलं बंद पाडतात आणि मग धावपळ करून चालू करतात."

साहेबांनी समजल्यासारखी मान हलवली. "आमच्याकडेही एक होता. स्वतःच आग लावायचा आणि विझवायलाही पहिला धावायचा."

"मग काय केलंत त्याचं?" मी विचारलं.

"काय करणार," साहेब शर्ट उचलत म्हणाले, "माझाच जावई होता."