आनंदीबाईंचा डावा पाय

आनंदीबाईंच्या डाव्या पायाची कीर्ती भाट्यापासून थेट पूर्णगडापर्यंत पसरली होती, आणि हे त्या स्वतःच सगळ्यांना सांगत. त्या पायाळू. म्हणजे जन्माला येताना डोक्याआधी पाय बाहेर काढलेल्या. अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण पळते, हे रत्नागिरीत शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सकाळी सकाळी कुणीतरी वाकडं होऊन यायचं, त्यांच्या उंबऱ्यावर पालथं पडायचं. आनंदीबाई चूळ भरून बाहेर यायच्या, डावा पाय तीनदा पाठीला लावायच्या आणि वर भरपूर शिव्या घालायच्या. पायही फुकट, शिव्याही फुकट. उसण पायाने जाते की शिव्यांनी, याचा शोध कुणी घेतला नव्हता.

आणि अशा घरात सुनेने मालिश केंद्र काढलं!

सून मृणाली. मुलगा नितेश बोटीवर, वर्षातले आठ-नऊ महिने समुद्रात. मृणालीने मुंबईला राहून मालिशचा रीतसर कोर्स केला, परत आली आणि ओटीवर एक उंच टेबल आणून ठेवलं. निर्गुंडीच्या तेलाच्या बाटल्या आल्या, पांढरे पंचे आले, दाराबाहेर पाटी लागली. पाटीवर लिहिलं होतं की इथे अंग मोकळं होतं, झोप चांगली लागते, मन शांत होतं. आनंदीबाईंनी ती पाटी वाचली आणि त्यांचं मन जे पेटलं ते पुढचे चार दिवस विझलं नाही.

त्यातून सर्वांत खाली एक ओळ होती : तळपाय दाबून मिळतील. ही ओळ त्यांना फारच झोंबली. सासूने पायाने माणसं बरी करायची आणि सुनेने माणसांचे पाय दाबत बसायचं! भांडी त्या आपटायच्याच, आता मुद्दाम शोधून आपटू लागल्या. मांजरालाही शिव्या बसल्या. राग खरा होता, पण त्याच्या बुडाशी भीती होती, आणि ती त्यांना कळत होती. उद्या उंबऱ्यावर कुणी पडायलाच आलं नाही तर? नवरा गेल्यापासून सकाळी दाराशी येऊन 'काकी, आहात काय?' म्हणणारी तेवढीच माणसं उरली होती.

उद्घाटनाला आळीतल्या बायका जमल्या. नारळ फुटला, पेढे वाटले गेले, आणि नेमका त्याच वेळी पूर्णगडाहून सखाराम आला. सखाराम होडीवाला. जाळं ओढताना त्याच्या पाठीत अशी उसण भरली होती की तो कोयत्यासारखा वाकून चालत होता. तो आला होता आनंदीबाईंकडे. पण मृणालीला वाटलं, पहिलं गिऱ्हाईक आलं. तिने त्याला हाताला धरून आत नेलं, दोन बायकांच्या मदतीने टेबलावर चढवलं, पालथं केलं आणि पाठीवर वाटीभर तेल ओतलं. सखाराम बिचारा कण्हत होता, त्यामुळे त्याला काही सांगताच आलं नाही.

आनंदीबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या आणि टेबलावर आपला माणूस बघून त्यांच्या डोक्याचा पार भडका उडाला.

"हा माझ्याकडे आलाय गो. हात लावू नको त्याला."

मृणाली म्हणाली की आई, एवढा अर्धा तास मालिश होऊ दे, मग तुम्ही पाय लावा. आनंदीबाई म्हणाल्या की अर्धा तास पीठ मळतात, माणूस नव्हे. मग त्यांनी सखारामला खाली उतरून उंबऱ्यावर यायला फर्मावलं. सखाराम म्हणाला, आपल्याला आता मेल्याशिवाय कुणी उतरवू शकणार नाही. बायकांत हसू पिकलं. ते हसू सखारामला होतं, पण आनंदीबाईंना वाटलं आपल्यालाच आहे. झालं! त्यांनी स्टूल ओढलं, स्टुलावर पाट ठेवला, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि सगळ्यांसमोर जाहीर केलं की आत्ता, इथेच, याच टेबलावर उसण पळवून दाखवते.

मृणाली 'आई, तेल आहे, तेल आहे' म्हणत राहिली. पण रागावलेल्या माणसाला सुनेचं कधी ऐकू येतं?

उजवा पाय पाटावर होता. डावा पाय वर गेला, सखारामच्या पाठीवर टेकला, आणि निर्गुंडीच्या तेलावरून जो सुटला तो सुटलाच. आनंदीबाई आडव्या, अख्ख्याच्या अख्ख्या, सखारामच्या कमरेवर कोसळल्या. कड् असा आवाज झाला. सखाराम ओरडला, त्यांच्याखालून सुळकन निसटला, जमिनीवर उभा राहिला आणि उभा राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं की आपण सरळ उभे आहोत. त्याने वाकून बघितलं. वळून बघितलं. उसण गेली होती!

सखाराम हात जोडू लागला, बायका टाळ्या वाजवू लागल्या. मृणालीच्या केंद्राच्या उद्घाटनाला आनंदीबाई जिंकल्या होत्या. फक्त एकच अडचण होती. त्या टेबलावर पालथ्या होत्या आणि त्यांना उठता येत नव्हतं. सखारामच्या पाठीतून निघालेली उसण दुसरीकडे कुठे न जाता थेट त्यांच्या पाठीत भरली होती.

ओरडावं तर अब्रू जाणार. त्यांनी दात आवळले आणि पालथ्या पालथ्याच सगळ्यांना सांगितलं की जा आता, चहा घ्या, मी जरा पडते. मृणालीने त्यांच्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं, बायकांना चहाला आत पाठवलं आणि दार लावून घेतलं.

"आई, उसण ना?"

"नाय."

"मग उठा."

आनंदीबाई उठल्या नाहीत. आयुष्यभर लोकांना पाय लावला, पण स्वतःचा पाय स्वतःच्या पाठीला कसा लावणार? मृणाली शांतपणे म्हणाली, "हेदवीच्या मैनाकाकी पायाळू आहेत. त्यांना फोन लावू?"

मैना ही त्यांची जाऊ. एका फणसावरून दोघींचं बोलणं बंद होऊन पंधरा वर्षं झाली होती. मैनाचा पाय आपल्या पाठीला! त्यापेक्षा जन्मभर या टेबलावर पडून राहिलेलं बरं.

"तुझे हात काय शोभेला आहेत? चोळ."

मृणालीने तेल कोमट केलं आणि हात चालवायला घेतले. आनंदीबाईंनी आधी तिला शिव्या दिल्या, मग मुंबईला दिल्या, मग कोर्स शिकवणाऱ्याला दिल्या. मग शिव्यांमधलं अंतर वाढत गेलं. नवरा गेल्यापासून त्यांच्या पाठीवरून कुणी हात फिरवला नव्हता, हे त्यांना त्या टेबलावर आठवलं. त्याचाही त्यांना भयंकर राग आला. पाठ मोकळी झाली होती, हा सगळ्यांत मोठा राग! मृणालीने आत जाऊन बायकांना एवढंच सांगितलं, आई जरा दमल्या होत्या. सून एवढी चांगली वागल्यावर भांडायचं तरी कशावरून?

दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यावर कुणीतरी पडल्याचा धप्पकन आवाज आला. आनंदीबाईंचा जीव भांड्यात पडला. चूळ भरून त्या बाहेर आल्या. सखारामचा मेव्हणा होता, चांगला दोन माणसांएवढा. त्यांनी ऐटीत डावा पाय उचलला.

"काकी, पाय नको," तो खालून कण्हत म्हणाला. "काल सखारामावर पडलात ना, तशा पडा."

आनंदीबाईंनी त्याच्या पाठीत अशी लाथ घातली की शेजारच्या कोंबड्या उडाल्या. मग त्यांनी त्याला दंडाला धरून उठवलं, ओटीकडे ढकललं आणि दबक्या आवाजात सांगितलं, "माझं झालं. आता आत जा, सून चोळील. सांग, आईनी पाठवलंय. आणि हे बाहेर कुठे बोललास ना मेल्या, तर खरंच येऊन पडेन अंगावर."